पीजीच्या मुलांना आरएसएस फीड शिकवावं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरे?

खडूफळा: एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना आरएसएस रीडर (साइटवर नवं काही आलं की तिच्या 'फीड'च्या लिंकवरून ते आपोआप गोळा करणारं अ‍ॅप) वापरायला लावावा, असं माझं मत. (संघाशी संबंध नाही, विनोद आवरा.) पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय आणि जैविक शोधनिबंध शोधायच्या साइटवर, शोधशब्द टाका, चौकटीखालचं 'क्रिएट आरएसएस' दाबा, मिळालेली लिंक रीडरमध्ये चिकटवा. त्या विषयावरचा नवा पेपर आपोआप समोर येतो. सध्या ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकतं, खाली 'थँक्यू सर'ची रांग लागते आणि पंधरा दिवसांनी तीच पीडीएफ पुन्हा फिरते.

गोदाकाठ: गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद पडला, तेव्हाच या प्रकाराचं तेरावं घातलं गेलं. आता तर कित्येक साइट फीड देतच नाहीत. आमच्या विद्यापीठाची परिपत्रकं म्हणजे तिरपी स्कॅन केलेली पीडीएफ. त्यांना कुठलं फीड लावणार?

खडूफळा: रीडर बंद झाला, फीड नाही. लोकांनी ओपीएमएल फाइल, म्हणजे आपल्या फीडची यादी, उतरवून घेतली आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकली. तुम्ही रोज ऐकता ते पॉडकास्टही बहुतेक फीडवरच येतं. परिपत्रकांसाठी ग्रुप खुशाल ठेवा, मी अभ्यासाच्या वाचनाबद्दल बोलतोय.

शेवटचा बाक: सर, गूगल क्लासरूम, ईमेल, तीन ग्रुप, आणि वर आता हे? न वाचलेल्यांचा आकडा शंभरावर गेला की आम्ही 'मार्क ऑल अ‍ॅज रीड' करून मोकळे होणार.

ग्रंथपालबाई: आकडा फुगतो तो शोधशब्द ढिसाळ असल्यामुळे. नुसतं 'अँटिबायोटिक रेझिस्टन्स' टाकलंत तर पूर येणारच. त्याला 'क्लेब्सिएला' हे जिवाणूचं नाव आणि 'इंडिया' जोडून बघा, वाचण्याजोगं उरतं. करंट अवेअरनेस सर्व्हिस म्हणून आम्ही ग्रंथालयात हेच करायचो, नव्या अंकांच्या अनुक्रमणिका झेरॉक्स करून विभागात पाठवायचो. फरक इतकाच, की तेव्हा निवड आम्ही करत होतो. मुलांना शिकवायचंच तर ती निवड शिकवा, अ‍ॅप काय, दहा मिनिटांत येतं.

गोदाकाठ: बाई, हे पटलं. पण मग पबमेडचा ईमेल अलर्ट काय वाईट? तोही त्याच शोधावर चालतो आणि ईमेल मुलांकडे आहेच.

खडूफळा: आहे, पण उघडतं कोण? फी भरायची मेलसुद्धा यांना ग्रुपवर सांगावी लागते.

शेवटचा बाक: ते खरंय. याला इंटर्नलचे मार्क आहेत का, तेवढं सांगा.