मदत हवी आहे : क्रूझ कोचीला थांबते त्या दिवशी काय पाहावे?

समुद्रपक्षी
पुढच्या महिन्यात आम्ही मुंबईहून क्रूझने निघत असून जहाज एक दिवस कोचीला थांबणार आहे. जहाजावर विकल्या जाणाऱ्या सहलीचे दर पाहून तिचा नाद सोडला आहे, त्यामुळे स्वतःच उतरून मट्टांचेरीचा राजवाडा, यहुद्यांचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आणि फोर्ट कोची एवढे पाहायचे ठरवले आहे. राजवाड्यातील रामायणाची भित्तिचित्रे आईला पाहायचीच आहेत. टॅक्सी घ्यावी की रिक्षा, आणि कोणत्या क्रमाने जावे, एवढेच सांगावे. हवामान आणि नारळपाणी यांविषयी भरपूर वाचून झाले आहे.

तांडेल
जहाज किती वाजता लागते, किती वाजता सुटते आणि त्या दिवशी वार कोणता, हे लिहिल्याशिवाय क्रम कसा सांगणार?

केवडा
कोचीला जाऊन राजवाडे कसले पाहता? धक्क्यावरून थेट आलप्पुळा गाठावे आणि हाउसबोटीत बसावे. आम्ही तेच केले आणि आजही त्या दिवसाची आठवण निघते.

तांडेल
केवडा, तुम्ही कोचीत मुक्कामाला होता की जहाजावरून उतरला होता? आलप्पुळा ५० किलोमीटरांहून दूर आहे. महामार्गावर वाहने तुंबली तर हाउसबोट राहील बाजूला आणि जहाज निघून जाईल. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही.

समुद्रपक्षी
सकाळी नऊनंतर उतरू देणार आहेत आणि पाच वाजता जहाज सुटणार आहे. वाराचा काय संबंध ते कळले नाही, पण शुक्रवार आहे. टॅक्सी की रिक्षा?

मट्टांचेरीचा_शेजारी
नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोचीत राहत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि 'परदेशी सिनेगॉग' या नावाचे ते यहुदी प्रार्थनास्थळ शुक्रवार-शनिवार पर्यटकांसाठी बंद असते, तेव्हा आपल्या बेतातील दोन मुख्य ठिकाणे त्या दिवशी बाहेरूनच पाहावी लागतील. सिनेगॉगच्या जमिनीवरील निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हातांनी रंगवलेल्या असून त्यांतील एक दुसरीसारखी नाही असे म्हणतात. त्यांच्यासाठी पुन्हा कधीतरी अवश्य यावे.

समुद्रपक्षी
दोन्ही बंद असतील तर मग राहिले काय?

मट्टांचेरीचा_शेजारी
पुष्कळ राहिले. आधी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जावे. १५२४ साली कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाला तिथेच पुरले होते. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण कठड्याने वेढलेली जागा अजून दाखवतात. माझ्या मते थडग्यापेक्षा वर टांगलेले कापडी पंखे पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांचे दोर भिंतीतून बाहेर काढलेले असत आणि ओढणारा माणूस प्रार्थनेच्या वेळी बाहेर बसत असे. तिथून चिनी जाळ्यांकडे, म्हणजे किनाऱ्यावर तुळयांना टांगलेल्या मासेमारीच्या मोठ्या जाळ्यांकडे जावे. जाळ्याच्या मागच्या टोकाला दोरांनी मोठमोठे दगड लोंबकळतात. एक जण तुळईवरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की त्याच्या वजनाने जाळे खाली उतरते, आणि चार-पाच जण मागचे दोर ओढू लागले की वर येते. दोर ओढायला बोलावतील. ओढल्यावर पैसे मागतील, हे ध्यानात ठेवावे.

अभ्यासू_माणूस
या धाग्यावर कोकणी लोकांचा उल्लेखही होऊ नये याचे आश्चर्य वाटते. सोळाव्या शतकात गोव्याहून गेलेल्या सारस्वतांची मट्टांचेरीतील चेरलाई येथे वस्ती असून तिथे त्यांचे तिरुमल देवस्वम् हे मोठे देऊळ आहे. डच गव्हर्नर व्हान रेडे याच्या 'हॉर्टस मलबारिकस' या वनस्पतिग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट या वैद्यांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीतील कोकणीत आहे. केवळ वास्कोची जागा पाहून परतणे मला तरी पटत नाही.

तांडेल
माहिती उत्तम आहे, पण केरळातील बहुतेक देवळे दुपारी बंद होतात हेही सांगायला हवे होते. जायचे असेल तर चर्चच्या आधी जावे लागेल.

शांतादुर्गा
लक्षद्वीपला उतरण्यासाठी परवाना लागतो. तो काढला आहे का?

समुद्रपक्षी
लक्षद्वीपचा प्रश्नच नाही. जहाज कोचीहून थेट मुंबईला परतते. देऊळ आईला आवडेल. मात्र तिला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही आणि ती शाकाहारी आहे.

तांडेल
हे पहिल्याच संदेशात हवे होते. मी बोटीने जा म्हणून लिहिणार होतो, कारण एर्नाकुलमहून (शहराच्या मुख्य भूमीवरील भागातून) फोर्ट कोचीला वॉटर मेट्रो ही प्रवासी बोट जाते आणि तिचे धक्के तरंगते असल्याने पायरी न चढता-उतरता बोटीत जाता येते.

मट्टांचेरीचा_शेजारी
तांडेल, बोट छान आहे, पण जहाज विलिंग्डन बेटावर लागते. तिथून आधी उलट्या दिशेने एर्नाकुलम गाठून मग बोट धरण्यात अर्थ नाही. पूल ओलांडून तोप्पुंपडीमार्गे रस्त्याने गेले की काम झाले. बंदराच्या फाटकाशी टॅक्सी मिळते, ती दिवसभरासाठी ठरवावी. रिक्षा स्वस्त पडेल, पण दर ठिकाणी नवी शोधताना आईंचे हाल होतील. आधी चेरलाईचे देऊळ करावे, मग मट्टांचेरीच्या गुजराती रोडला जेवावे, कारण तिथे शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही. दुपारी चर्च आणि जाळी पाहून साडेतीनला परत निघावे. देवळात पुरुषांना सदरा काढावा लागतो, त्याची तयारी ठेवावी.

केवडा
एवढ्या धावपळीपेक्षा हाउसबोट बरी होती.

समुद्रपक्षी
टॅक्सीच करतो. जहाजावर परत घेण्याची वेळ सुटण्याच्या किती आधी संपते?

तांडेल
ती वेळ जहाजावरच्या दैनिक पत्रकात आणि उतरताना फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेली असते. पाच ही सुटण्याची वेळ आहे, शिडी त्याच्या बरीच आधी उचलतात. जहाजाचे ओळखपत्र आणि आधार कार्ड दोन्ही खिशात असू द्यावे, बंदराच्या फाटकावर पुन्हा आत येताना तपासतात.