जुनं ऑफिसचं मशीन की चार खणांचा एनएएस? (सावंतवाडी, इन्व्हर्टरवर चालवायचं आहे)

मोतीतलाव

नमस्कार मंडळी. घरी सर्व्हर बसवायचा ठरवलंय, पण जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय.

आमच्या बाबांना दशावताराचं वेड. जत्रा असली की कॅमेरा खांद्याला लावून रात्रभर नाटक टिपायचे, पहाटे घरी. त्या सगळ्या मिनीडीव्ही टेपा मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. तासाला १३ जीबी जागा जाते, आणि नाटक काही तासाभरात संपत नाही. आता सगळं वेगवेगळ्या पोर्टेबल डिस्कवर पसरलंय. कुठलं नाटक कशावर, ते कव्हरवर पेनाने लिहून ठेवलंय. त्यात घरच्यांचे फोटो. गुगलने २०२१च्या जूनपासून फुकटचं अमर्याद बंद केलं आणि आमचे १५ जीबी कधीच भरले.

समोर आलेले सौदे असे. लॅमिंग्टन रोडचा एक दुकानदार डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो देतोय, आय५-७५००टी, ८ जीबी रॅम, २५६ची एसएसडी, साडेअकरा हजार. १६ जीबी हवी तर तेरा हजार आठशे. दुसरं, पणजीत एक जण चार खणांचा जुना एनएएस (घरच्या नेटवर्कवर फायली ठेवायचा डिस्कचा डबा) विकतोय, आत २ टीबीच्या चार डिस्क, अठरा हजार. आणि भाचा म्हणतो, काही घे, पण प्लेक्सचा (आपलेच व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर) लाइफटाइम पास सोबत घे.

पावसात आमच्याकडे वीज गेली तर कधी कधी रात्रभर येत नाही. घरात इन्व्हर्टर आहे. लिनक्स थोडंफार येतं, घाबरत नाही. काय करू?

एसएमपीएस

ताई, मी कुडाळात इन्व्हर्टर आणि सीसीटीव्हीची कामं करतो, म्हणून आधी विजेचं बोलतो. मशीन पळून जात नाही.

तो पणजीचा एनएएस चारही डिस्क फिरत असताना ४० वॅटच्या आसपास खाईल. वर्षाला साडेतीनशे युनिट झाले. ऑप्टिप्लेक्स मायक्रो रिकामा बसलेला असताना १० वॅटच्या आसपास राहतो, म्हणजे वर्षाला नव्वदेक युनिट. बिलाचा फरक तुम्ही काढा, पण मला बॅटरीची जास्त काळजी. १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, हातात येतात त्याच्या निम्मे धरा, त्यातून पंखे चालायचे. रात्रभर ४० वॅट म्हणजे एक पंखा तुम्ही सर्व्हरला देऊन टाकलात.

आता इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक खटका असतो, यूपीएस मोड आणि साधा मोड. बहुतेक घरांत बसवणाऱ्याने तो साध्या मोडवर ठेवलेला असतो, आणि वीज जाताक्षणी कॉम्प्युटर बंद पडतो म्हणून लोक आम्हाला फोन करतात. यूपीएस मोडवर टाका, बदल लवकर होतो. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज जरा खाली आलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. तुमच्या आळीत संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी रोज झिजेल. आधी मल्टिमीटर लावून आठवडाभर संध्याकाळी बघा, मग ठरवा. मायक्रोचा अडॅप्टर लॅपटॉपसारखा असतो, तो अशा झटक्यात बहुधा तगून जातो. हाही एक गुण. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर मात्र अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्ह हवा.

खरी गंमत पुढे. कॉम्प्युटरच्या यूपीएसला यूएसबी असते, ती सर्व्हरला सांगते की बॅटरी संपत आली, आवरून घे. घरच्या इन्व्हर्टरला तोंडच नसतं. रात्री तीन वाजता बॅटरी संपली की सर्व्हर धाडकन बंद. त्यावर उपाय: घरात एखादा जुना राउटर पडलेला असतोच. तो इन्व्हर्टरच्या नसलेल्या प्लगवर लावा, सरळ मंडळाच्या विजेवर, आणि एक लॅन केबल मुख्य राउटरला जोडा. त्याचा डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) आणि वायफाय बंद करायला विसरू नका. सर्व्हर त्याला दर मिनिटाला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ विचारतो. सलग वीस मिनिटं उत्तर नाही, म्हणजे वीज खरंच गेली. सर्व्हर स्वतःहून शटडाऊन. चार ओळींचं स्क्रिप्ट आहे, क्रॉनमध्ये (लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) टाकायचं. विकतच्या कुठल्याही ॲड-ऑनपेक्षा हा भंगारातला राउटर जास्त कामाचा.

आणखी एक, हे कुणी लिहीत नाही. बाहेर खांबावर कॅमेरे असतील आणि ते पीओई स्विचवर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) असतील, तर सर्व्हरची केबल त्याच स्विचला लावू नका. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा ती बाहेरची तांब्याची केबल सगळं घरात आणते. फायबरने येत नाही, फायबरच्या डब्याच्या अडॅप्टरने येते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं हेच खरं.

आता मशीन. एनएएस सोडून द्या. त्या वयाच्या खोक्यांना अपडेट येणं बंद झालेलं असतं, आणि आतल्या डिस्क किती वर्षं फिरल्यात ते विकणारा सांगणार नाही. मायक्रो घ्या, आणि १६ जीबीवालाच घ्या. आठवर चालतं, पण फोटोंसाठी इमिच (गुगल फोटोसारखं, पण आपल्याच सर्व्हरवर चालणारं) टाकाल तेव्हा चेहरे ओळखण्याच्या कामाला रॅम लागते. नंतर वाढवू म्हणू नका. मेमरीचे कारखाने एआयच्या मागे लागल्यापासून रॅमचे भाव चढलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेवीसशे रुपयांत आठ जीबी जास्त मिळतेय, गप घ्या.

हे मायक्रो स्वस्त का झाले तेही सांगतो, म्हणजे भाव करायला बरं. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. तुमचा ७५००टी सातव्या पिढीचा, त्यामुळे कंपन्यांनी असली मशीनं गाड्या भरून बाहेर काढली. आपल्याला लिनक्स टाकायचंय, आपलं काय जातंय! उलट सातव्या पिढीत १०-बिट एचईव्हीसी व्हिडिओ (कमी जागा घेणारं नवं स्वरूप) हार्डवेअरवर चालतो, सहाव्यात चालत नाही. दुकानदार सहावी पिढी हजार रुपये कमी सांगेल, घेऊ नका.

घेताना तीन गोष्टी बघा. अडॅप्टर डेलचाच आहे का. नसला तर मशीन चालू होताना तक्रार करतं आणि प्रोसेसर हळू चालवतं. बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगना) पासवर्ड नाही ना, कारण कंपनीतून आलेल्या मशीनला असतो. आणि बायोसमध्ये ‘एसी रिकव्हरी’ ‘पॉवर ऑन’ करून घ्या, म्हणजे प्लगमधली वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप चालू होतं.

पुणेरी_पिंग

एवढा खटाटोप कशाला? एक मोठी एक्स्टर्नल डिस्क घ्या, सगळं त्यात टाका, कपाटात ठेवा. सर्व्हर हा नवरे लोकांचा छंद आहे.

मोतीतलाव

@पुणेरी_पिंग, नवऱ्याला यातलं काही माहीत नाही, त्याला फक्त बिल दिसणार आहे. आणि कपाटातली डिस्क पावसाळ्यानंतर उघडून बघायला इकडे या एकदा.

@एसएमपीएस दादा, खूप आभार. एक अडलं. वीज गेल्यावर सर्व्हर स्क्रिप्टने बंद झाला, पण इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण संपायच्या आत वीज परत आली, तर? सर्व्हरच्या प्लगमध्ये वीज गेलीच नाही, मग एसी रिकव्हरी उठवणार कशी? आणि डिस्क कुठली घेऊ? सावंतवाडीत आणि कुडाळात ‘एनएएस डिस्क’ म्हटलं की दुकानदार माझ्याकडे बघत राहतात.

एसएमपीएस

पहिला प्रश्न विचारलात म्हणजे तुम्ही हे करणार. बरोबर, नाही उठणार. डेलच्या बायोसमध्ये ‘ऑटो ऑन टाइम’ असतं, रोज सकाळी ६ची वेळ लावा. चालू असेल तर काही होत नाही, बंद असेल तर उठतो. उठल्यावर वीज अजून नसेल तर वीस मिनिटांत परत झोपेल, झोपू दे. दिवसा गेली तर बटण दाबायला तुम्ही आहातच, नाहीतर राउटरवरून वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरूनच उठवायचं.

डिस्क: ‘एनएएस डिस्क’ मागू नका, ‘डीव्हीआरची हार्ड डिस्क’ मागा. डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक आमच्या धंद्यात रोज जातात, कुडाळात कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात बिलासकट मिळतात, आणि चोवीस तास फिरायला बनवलेल्या असतात. ४ टीबी घ्या, आणि मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर तपासून सीएमआर असल्याची खात्री करा (एसएमआर डिस्क पट्टे एकमेकांवर चढवून लिहिते, म्हणून पुन्हा लिहिताना हळू पडते; सीएमआर तसं करत नाही). २०२०मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलांत गाजावाजा न करता एसएमआर घातल्यावरून बराच तमाशा झाला होता, तेव्हापासून मी डब्यावरच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. तुमच्या मोठमोठ्या फायली एकदा लिहायच्या आणि वाचत बसायचं, त्याला या डिस्क चालतात. फक्त जुन्या डीव्हीआरमधून काढलेली घेऊ नका, ती रात्रंदिवस राबून आलेली असते.

मायक्रोमध्ये साडेतीन इंची डिस्क बसत नाही, तेव्हा स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलं यूएसबी ३.० खोकं घ्या. दोन खोकी, दोन डिस्क. यूएसबीवर रेड (RAID, दोन डिस्क जोडून एकच माल दोन्हींवर ठेवायची पद्धत) करू नका. एकीवर सगळं, दुसरीवर रोज रात्री आरसिंकने (फक्त बदललेल्या फायली उतरवणारं लिनक्सचं साधन) प्रत. एखादी फाइल चुकून उडवलीत तर रेड तीही इमानदारीने दोन्हीकडून उडवतो. म्हणून आरसिंकलाही पुसायची परवानगी देऊ नका, ‘डिलीट’चा पर्याय लावायचाच नाही.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. ताई, इकडून कुणी येणार असेल तर मोठी एक्स्टर्नल डिस्क मागवायचा मोह होईल. ब्लॅक फ्रायडेला भाव चांगले असतात, आमच्या बॅगेतून दिवाळीत-नाताळात कुणाची ना कुणाची जातेच. पण इथे घेतलेल्या डिस्कची वॉरंटी भारतात मिळेलच असं नाही; कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून आधी बघा. आणि खोकं फोडून आतली डिस्क काढायच्या फंदात पडू नका. डब्ल्यूडीच्या काही अशा डिस्क साध्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत, तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की बंद राहतात. लोक त्या पिनेवर टेप चिकटवतात. तुम्हाला यूएसबीवरच वापरायची आहे, तर आहे तशीच राहू दे.

नवी म्हणून घेतलेली सीगेट असेल तर अजून एक. २०२५च्या सुरुवातीला युरोपात बऱ्याच वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तास शून्यावर आणले होते, पण डिस्कच्या आतल्या ‘फार्म’ नोंदीत खरे तास राहिले होते. स्मार्टमॉनटूल्सची ७.४ किंवा पुढची आवृत्ती असेल तर त्यातल्या स्मार्टसीटीएलला ‘एल फार्म’ (-l farm) हा पर्याय देऊन दोन्ही आकडे ताडून बघा. दुकानदाराच्या बिलावर विसंबू नका.

भाच्याला सांगा, प्लेक्सचा लाइफटाइम पास २०२५च्या एप्रिल अखेरीस १२० डॉलरवरून २५० झाला, आणि घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही आता पैसे पडतात. प्लेक्सचंच काम करणारं जेलीफिन फुकट आहे, तुमच्या कामाला भरपूर. नवीन सिनॉलॉजी (एनएएस बनवणारी कंपनी) घेण्याचाही विचार असेल तर: २०२५च्या प्लस मॉडेलांत त्यांनी स्वतःच्या मान्यतेच्याच डिस्क लागतील असं केलं होतं, ऑक्टोबरात डीएसएम ७.३ (त्यांच्या एनएएसचं सॉफ्टवेअर) आणून माघार घेतली. घेतली खरी, पण मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मोतीतलाव

सगळ्यांचे आभार. मायक्रो १६ जीबीवाला आणि डीव्हीआरच्या दोन डिस्क, ठरलं. दुकानदाराला सहावी-सातवी पिढी बोलून दाखवली, साडेतेरावर आला, आणि अडॅप्टर डेलचाच देतो म्हणाला.

शेवटचं विचारते. बाबांच्या टेपा डीव्ही स्वरूपात आहेत, त्या जेलीफिनवर मोबाइलला लावल्या तर चालतील का? आणि पुण्यातल्या बहिणीला बघता येतील का? आमच्या इंटरनेटवाल्याकडे स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही.

एसएमपीएस

डीव्ही मोबाइलवर सरळ चालणार नाही. जेलीफिन बदलून पाठवेल, पण डीव्ही उलगडायला इंटेलच्या चिपमध्ये सोय नाही, सगळं काम प्रोसेसरवर पडेल. त्यापेक्षा एकदाच एफएफएमपेगने (व्हिडिओचं स्वरूप बदलायचं फुकट साधन) प्रत्येक नाटकाची एच.२६४ प्रत काढा, ती मोबाइलवर सरळ चालते. ‘डीइंटरलेस’ करा, नाहीतर पात्र जरा हललं की कडांना दाते पडतात, आणि दशावतारात युद्धनृत्य म्हणजे सगळं हलणंच. मूळ डीव्ही फाइल मात्र पुसायची नाही. बघायची प्रत वेगळी, ठेवायची वेगळी.

बहिणीसाठी टेलस्केल (दूरची उपकरणं एका खाजगी नेटवर्कात जोडणारं ॲप) टाका, सर्व्हरवर आणि तिच्या फोनवर. पब्लिक आयपी लागत नाही, घरगुती वापराला फुकट. क्लाउडफ्लेअरचं टनेल (पब्लिक आयपीशिवाय घरचा सर्व्हर बाहेरून उघडायचा दुसरा मार्ग) कुणी सुचवेल, पण घेऊ नका. त्यातून फोटो वर चढवताना फुकटच्या खात्यात एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे, मोबाइलचे व्हिडिओ अडकतील.

आणि पुण्याच्या बहिणीकडे एक डिस्क ठेवायला जमेल का बघा. सगळ्या टेपांची एक प्रत भरून एसटीने पाठवा, इंटरनेटवरून चढवायला गणपती येतील. त्यानंतर नवीन काही आलं तर रात्री थोडं थोडं जाईल.

इन्व्हर्टरचा खटका बघायला वाटेत आलो तर सांगतो. सावंतवाडीत पुढच्या आठवड्यात एक कॅमेऱ्याची साईट आहे.

मोतीतलाव

या नक्की. मल्टिमीटर तुमचाच आणा, आमच्याकडचा बाबांच्या काळातला आहे, सुई वर जाते ती परत येत नाही.