मदत हवी आहे: 'झोड्वा' या झुलू नावातला सूर कोणता?

एका झुलू कुटुंबावरच्या इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करतेय. दिवाळी अंकासाठी आहे, त्यामुळे तळटीपा चालणार नाहीत असं संपादकांनी आधीच बजावलंय. मूळ लेखक हयात नाहीत.

बाकीची नावं सुटली. सिफो म्हणजे भेट, थेम्बा म्हणजे आशा, नोमवुला पावसात जन्मलेली. जाबुलानी म्हणजे 'आनंद करा', तेही अनेकवचनी. नाव बाळाचं, पण बोललंय अख्ख्या घराला! क्सोलानीच्या सुरुवातीला बैल हाकताना काढतो तसा आवाज आहे, तो देवनागरीत लिहायचा नाद मी सोडलाय.

अडलंय झोड्वापाशी. अर्थ साधारण 'फक्त मुलीच'. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की ठेवतात. कथेत आजी अंगणातून ही हाक मारते, एवढंच. राग की लाड, काही कळत नाही. मला लगेच आपली 'नकुशी' आठवली (साताऱ्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावं बदलली होती). पण तो डंख मूळ नावात नसेल तर मी आजीला उगाच दुष्ट करून ठेवीन.

बाळनावांच्या साइट्स पाहून झाल्या. तिथे एका शब्दापलीकडे काही नाही, शिवाय झुलू-खोसा सगळं एकत्र कालवलेलं.

डरबनकडे किंवा झुलू शेजाऱ्यांत राहिलेलं कुणी आहे का इथे? झोड्वा अशी हाक ऐकली की तिथल्या माणसांना त्यात नाराजी जाणवते, की आता ते नुसतं नावच उरलंय?