कासवाची पिल्लं रविवारपर्यंत राखून ठेवायची?

खाडीकाठ
"रात्री निघालेली पिल्लं स्वयंसेवकांनी टबात ठेवावीत आणि शनिवार-रविवारी सोडावीत, म्हणजे जास्त लोकांना बघता येतील" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. वाळूतून वर आलेलं पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर साधारण दिवसभर जीव तोडून पोहतं. तेवढ्यात किनाऱ्यापासून लांब गेलं तर निभावलं. टबात पाणी दिसलं की ते तिथेच हातपाय मारायला लागतं आणि शिदोरी टबातच संपते. वेळासच्या कासव महोत्सवात सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पिल्लं सोडतात, तीच मुळात माणसांसाठी केलेली तडजोड आहे. अजून किती ताणणार?

मांदेली
पोस्ट माझीच. टबाचं सोडा, पुढचं वाचलंत का? गुडघे गेलेल्या आजी, व्हीलचेअरवाले सुरूच्या बनातच अडकतात. दोरीला चिकटून उभे कोण? हातभर लेन्सवाले. याला महोत्सव म्हणायचं?

सुरूबन
हे मात्र बरोबर. पण त्यावर उपाय टब नाही, काथ्याच्या चटया. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांवर कलती करून ओढायची. दोन चटयांचा जोड वीतभर एकावर एक, वरची कड जाण्याच्या दिशेला, नाहीतर चाक कडेखाली घुसतं. चटया ओल्या घट्ट वाळूपर्यंतच. पिल्लांच्या वाटेवर एकही नको. तिथली पावलांची खळगी फळीने सपाट करून घ्या, पिल्लू खळगीत पडलं की उलटं होतं. आणि अंधार पडायच्या आत सगळ्या गुंडाळा. रात्री अंडी घालायला मादी वर येते, तिला अडथळा नको.

रापणकर
चटया घाला, गालिचे घाला! अंडी हलवायचीच कशाला, हे कोणी विचारत नाही. उधाणाच्या रेषेच्या वरच्या बाजूला असलेलं घरटं जागेवरच जाळीखाली ठेवता येतं. सगळी हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या हाताने केलेल्या घरट्यांत आणायची, कारण पर्यटकांना एका जागी दाखवायला सोपं. वाळू 31 अंशांच्या वर गेली की बहुतेक माद्याच निघणार, त्याचा हिशोब कोण ठेवतो?

खाडीकाठ
शेठ, उंटावरून शेळ्या हाकू नका. जागेवरच्या जाळीला रात्रभर राखण कोण करणार? कुत्रे आणि कोल्हे कडेने उकरतात. जाळी फूटभर खाली गाडली तरच टिकते. सावलीला हॅचरीवर शेडनेट असतं.

रापणकर
असतं, फाटलेलं! आणि त्याच वाळूत वर्षानुवर्षं तेच खड्डे, जुनी टरफलं कुजून बुरशी. जागा बदला नाहीतर वाळू चाळा, इतकं तरी करा. अंडी काही तासांत हलवली तर ठीक, नंतर गर्भ कवचाला वरून चिकटतो. अंडं फिरलं की मेला. पहाटेचं घरटं दुपारी सापडलं तरी पिशवीत भरून मोटारसायकलवरून आणतात.

सुरूबन
सगळीकडे नाही आणत. बादलीत वाळूच्या थरावर, न फिरवता ठेवणारे आहेत. दीड फूट खोल, तोंड अरुंद आणि पोट रुंद, असा सुरईसारखा खड्डा हाताने करणारेही आहेत. तुम्ही एकाच किनाऱ्याचा राग सगळ्यांवर काढताय.

रापणकर
बरं, जे नीट करतात त्यांचा नारळ देऊन सत्कार करतो. जागेवरची घरटी ठेवायला मात्र कोणी तयार नाही.

खाडीकाठ
रात्रपाळीला माणसं द्या, तयार आहोत.

मांदेली
हॅचरीवरच भांडून पोट भरलं का सगळ्यांचं? टबाची मागणी मागे घेतली, खूश? आता तुम्हीही एक करा. कोणतं घरटं 45 दिवसांपुढे गेलंय, म्हणजे पिल्लं निघायच्या बेतात आहे, आणि आज टोपलीत किती पिल्लं आहेत, ते रोज वाडीच्या तोंडाशी फळ्यावर लिहा. शून्य तर शून्य. पार्किंगची पावती फाडायच्या आधी कळू दे.

रापणकर
लिहा. फक्त त्या फळ्यावर समुद्राकडे तोंड करून ट्यूबलाइट लावू नका, नाहीतर पिल्लंही पार्किंगलाच येतील.