लहान मुलांच्या सिनेमातून भीती एवढी पुसून टाकायलाच हवी का?

पार्लेकर आई:
रविवारी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन अंधेरीला तो हत्तीच्या पिल्लाचा नवा ॲनिमेशनपट पाहिला. पिल्लू कळपातून चुकतं आणि एका पोपटाला सोबत घेऊन आईला शोधत दूरच्या बेटावर जातं, एवढीच गोष्ट. साहसकथेला एवढी पुरे आहे. पण पिल्लू हरवलंय हे मुलांच्या मनात उतरायच्या आत पोपट गाणं सुरू करतो. नदीला पूर येतो, पिल्लाचा पाय घसरतो, आणि पुढच्याच क्षणी ते ओंडक्यावर बसून नाचतंय! मगर येते तीसुद्धा विनोद करतच. मध्यंतरानंतर लेकीनं मला विचारलं, "आई, तो त्याच्या आईला विसरला का गं?" पाच वर्षांच्या मुलीला जे खटकलं, ते लिहिणाऱ्यांना कसं खटकलं नाही? चित्रं देखणी आहेत, पावसात भिजलेली कातडी तर अप्रतिम. म्हणूनच जास्त राग येतो.

मुलुंडकर बाबा:
अजिबात पटलं नाही. माझा मुलगा थिएटरात दिवे गेले की रडायला लागतो. हा पहिलाच सिनेमा तो शेवटपर्यंत बसून बघू शकला, पोपटाच्या गाण्यावर तर खुर्चीत उभा राहून नाचला. चार-पाच वर्षांच्या पोरांना घाबरवून काय मिळवायचंय?

गिरगावकर:
बाबा, मुलांना भीती हवी असते हो, फक्त तिच्यातून बाहेर यायची वाट दिसली पाहिजे. रत्नाकर मतकरींचं बालनाट्य 'अलबत्या गलबत्या' घ्या. आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८पासून वैभव मांगलेंनी केलेली चिंची चेटकीण आली की मुलं आईला बिलगतात. आणि तीच मुलं पुढे ओरडून अलबत्याला सावध करतात. मी नातवंडांना घेऊन शिवाजी मंदिरला हे पाहिलंय. या सिनेमात एकही मूल ओरडलं असेल असं वाटत नाही.

मुलुंडकर बाबा:
काका, नाटकातली चेटकीण लांब रंगमंचावर असते आणि माणूस आहे हे दिसत असतं. इथे पडदा भिंतीएवढा, आवाज छातीत धडधडतो. दोन्हींची तुलना कशी होईल? शिवाय आता सेन्सॉरच्या 'यूए' प्रमाणपत्रात वयाप्रमाणे ७+, १३+, १६+ असे गट आहेत. ज्यांना थरार हवा त्यांनी तिकडे जावं. 'यू', म्हणजे सगळ्यांना चालणारा सिनेमा, हे बघून आलेल्या आईबापांना गोड सिनेमा मिळाला, तर तक्रार कशाची?

ॲनिमेशनवाली, मालाड:
मी याच धंद्यात आहे, म्हणून वेगळा मुद्दा मांडते. धावपळीत सेकंदाच्या २४ फ्रेम्समधल्या पुष्कळ चुका खपून जातात. खरी कसोटी लागते ती पात्र शांत उभं असताना. थ्रीडीत ते पूर्ण थांबवलं की मेल्यासारखं दिसतं, म्हणून श्वास, पापणी, कानाची बारीकशी हालचाल असं सगळं करत बसावं लागतं. हरवलेलं पिल्लू नुसतं उभं राहून इकडेतिकडे बघतंय, हा शॉट महागात जातो. पण तो हवा की नको, हे ॲनिमेटर ठरवत नाही. ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांची जोडलेली फिल्म, बनतं तेव्हाच ठरलेलं असतं. त्यामुळे कातडीचं पाणी रंगवणाऱ्यांना कृपया बोल लावू नका.

आणि बाबा, विजया मुळे यांची १९७४ची 'एक अनेक और एकता' आठवा. फिल्म्स डिव्हिजनची अवघ्या सात मिनिटांची फिल्म, चित्रं अगदी साधी. त्यात पक्षी जाळ्यात अडकतातच की. मग सगळे मिळून जाळं घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडतात. ते बघून कोण घाबरून उठून गेलं?

मुलुंडकर बाबा:
ती आम्ही घरी, टीव्हीवर, आईच्या शेजारी बसून बघायचो. थिएटरबद्दल माझं मत तेच आहे. पण पिल्लू आईला विसरल्यासारखं वाटतं, हे मात्र खरं. मुलगा घरी आल्यावर फक्त पोपटाबद्दल बोलत होता.

पार्लेकर आई:
मग आपलं भांडण भीतीवरून नाहीच, बाबा. पुराचा प्रसंग हवा तेवढा सौम्य करा, आवाजही कमी ठेवा, माझी काही हरकत नाही. पण त्या पुरात पिल्लानं एकदा तरी आईला हाक मारायला हवी होती.