मदत हवी आहे : कोरियन भाषेत ‘जमत नाही’ नेमके कसे म्हणावे?

नमस्कार. गेले आठ महिने मी घरीच कोरियन शिकत असून पुढे टोपिकची (कोरियन भाषेच्या प्रावीण्य चाचणीची) पहिली परीक्षा देण्याचा विचार आहे. वाचन बऱ्यापैकी जमते, पण असमर्थता सांगणाऱ्या रूपांपाशी गाडे अडले आहे. (कोरियन शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, थोडे इकडेतिकडे झाले असल्यास सांभाळून घ्यावे.)

क्रियापदाआधी ‘मोत्’ लावले की ‘मोत् कायो’, म्हणजे जाता येत नाही. धातूपुढे जोडून ‘गाजी मोथेयो’ म्हटले तरी अर्थ तोच. तिसरे रूप ‘गाल् सू ऑप्सॉयो’. यात ‘सू’ म्हणजे मार्ग किंवा उपाय आणि ‘ऑप्सॉयो’ म्हणजे नाही. शिवाय ‘जुल् मोल्लायो’ आहेच. माझ्या पुस्तकात या चारही रूपांसमोर ‘शकत नाही’ एवढेच छापले आहे.

गेल्या आठवड्यात याचा फटका बसला. सोलच्या एका ताईंबरोबर मी दर शनिवारी ऑनलाइन सराव करते. त्या दिवशी घरी पाहुणे येणार होते, म्हणून मी त्यांना ‘आन् हेयो’ असे कळवले. त्यावर त्यांनी काळजीने विचारले, ‘सराव बंद करायचा आहे का?’

आपल्याकडे ‘मला पोहता येत नाही’ आणि ‘मला उद्या येता येत नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच रचनेत बसतात; उलट ‘जेववत नाही’, ‘बघवत नाही’ यांची छटा मात्र अगदी वेगळी असते. कोरियनमध्ये हे फरक कोठे पडतात, आणि ‘गोंगबूहेयो’ (अभ्यास करते) अशा जोडक्रियापदात ‘मोत्’ कोठे घालावे, हे कोणी उदाहरणांसह सांगू शकेल का?

प्रतिसाद :

आधी ‘आन्’चे पाहू. ‘आन् हेयो’ हा साधा नकार आहे. त्यात ‘करत नाही’ आणि ‘करणार नाही’ हे दोन्ही येते, त्यामुळे आमंत्रणाच्या उत्तरात तो ‘इच्छा नाही’ असा ऐकू जातो. ‘मोत्’मध्ये इच्छा आहे, पण परिस्थिती आड येते, हे गृहीत असते.

रोजच्या बोलण्यात आखूड म्हणून ‘मोत्’च अधिक. ‘गाजी मोथेयो’ची धाटणी लेखी आणि औपचारिक आहे, टोपिकच्या पहिल्या परीक्षेत केवळ श्रवण व वाचन असल्याने ते रूप ओळखता आले तरी सध्या पुरे. ‘सू ऑप्सॉयो’ मात्र माणसाच्या कुवतीपलीकडेही जाते. ‘इस्सुल् सू ऑम्नुन् इल्’, म्हणजे घडूच शकत नाही अशी गोष्ट, येथे ‘मोत्’ चालणारच नाही.

‘जुल् मोल्लायो’ केवळ कौशल्यासाठी. पोहायला कधी शिकलाच नसाल तर ‘सुयॉंग हाल् जुल् मोल्लायो’. पोहता येते पण पाय प्लास्टरमध्ये आहे, तर ‘सुयॉंग मोथेयो’.

जोडक्रियापदात ‘मोत्’ नाम आणि ‘हेयो’ यांच्या मध्ये बसतो : ‘गोंगबू मोथेयो’ (‘मोत्’ आणि ‘हेयो’ मिळून उच्चार ‘मोथेयो’). ‘मोत् गोंगबूहेयो’ ही चूक आपण सगळेच सुरुवातीला करतो. येथे एक गंमत आहे. ‘नोरे मोथेयो’ लिहिताना ‘मोत्’ आणि ‘हेयो’ सुटे ठेवले, तर घसा बसल्यामुळे आज गाता येत नाही. जोडून लिहिले, तर मुळात गाता गळाच नाही. उच्चार दोन्हींचा एकच, म्हणून ऐकताना संदर्भावरूनच ओळखायचे.

‘जेववत नाही’ला जवळचे रूप ‘-गेस्सॉयो’ लावून होते : आग्रहाने वाढणाऱ्यांना ‘मोन् मॉक्केस्सॉयो’ म्हणावे. लिहिताना ‘मोत्’च्या शेवटी ‘स’चे अक्षर असते, उच्चार ‘त्’ होतो आणि पुढे ‘म’ आला की तो ‘न्’ होतो, त्यामुळे हे वाक्य कानाला प्रथम ओळखूच येत नाही. ‘बघवत नाही’साठी आधी ‘छामा’ घालून ‘छामा मोत् पोगेस्सॉयो’.

एक अपवाद : ‘माहीत नाही’साठी ‘मोत् आरायो’ होत नाही, स्वतंत्र ‘मोल्लायो’ आहे.

ताईंना आता एवढेच कळवा : ‘थोयोइरेनुन् शिगानी ऑप्सॉसॉ मोथेयो’, शनिवारी वेळ नसल्याने जमत नाही.