पाळणाघराच्या अनुदानावर स्थानिक निवडणुकीत मतं मिळतात का?

कोरा_कागद
पाळणाघराची फी कमी केली की आईबाप खूश आणि महापौर पुन्हा खुर्चीवर, हा हिशोब मला पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2013 साली बिल डी ब्लासिओ चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवर्ग देऊ म्हणत जिंकले. 2025 मध्ये झोहरान ममदानींनी मोफत बालसंगोपनाचा शब्द दिला, तेही जिंकले. म्हणजे मत पडलं ते आश्वासनावर. सोय मिळाल्यावर कोण लक्षात ठेवतं? पुढची निवडणूक येईस्तोवर पोर शाळेत गेलेलं असतं आणि आईबाप दुसऱ्याच गोष्टीवर तणतणत असतात.

मंजिरी_के
डी ब्लासिओ 2017 मध्ये पुन्हा निवडून आले, ते बरं सोयीस्करपणे विसरलात! आणि नातवंडांमागे दिवसभर धावणारे आजी-आजोबा मतदार नाहीत का? नगरपालिकेच्या मतदानाला आधी तेच पोचतात.

दत्ता_पा
कागदराव, तुमचं निम्मं बरोबर. पण मंजिरीताई, सोय मिळालेले गप्प बसतात, न मिळालेले बोंब मारतात. बर्लिनने ऑगस्ट 2018 पासून पाळणाघर सर्वांना मोफत केलं. फी गेली, पण जागेसाठीची वणवण थांबली नाही. त्याआधी 2013 पासून जर्मनीत एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क मिळाला. कायदा केंद्राचा, जागा मात्र स्थानिक प्रशासनाने शोधायची. यादीत ताटकळणारी आई शिव्या घालणार कुणाला? ज्याचं ऑफिस जवळ, त्याला.

कोरा_कागद
नेमकं! अनुदान वरून येतं, शिव्या खाली खाव्या लागतात. मग नगरसेवकाने त्यात डोकं घालायचं कशाला?

मंजिरी_के
घालायचं, कारण फीत कापायलाही तोच उभा असतो! फोटोत केंद्राचा मंत्री कुठे दिसतो?
आणि मूल नसलेले विरोधात जातात म्हणाल, तर सॅन फ्रान्सिस्को बघा. 2018 मध्ये तिथे बालसंगोपनासाठी व्यापारी जागांच्या भाड्यावर कर लावायचा का, हे थेट मतदारांनाच विचारलं. निसटतं का होईना, बहुमत मिळालं.

दत्ता_पा
कर दुकानदारांच्या जागामालकांवर होता ना, म्हणून! तोच घरपट्टीत घालून विचारा, मग मोजू मतं.

मंजिरी_के
चालेल. फक्त मतदान कामाच्या दिवशी ठेवलंत, तर आधी सांगा पोरं कुणाकडे ठेवायची.